लाल फडकं कधी टाकावं

माणसाने सासऱ्याच्या घरी मॅच बघायला जावं, सासऱ्याची बिअर प्यावी, त्याच्याच ताटलीतले चीजचे तुकडे संपवावेत. पण मत म्हणून देऊ नये. वेंडेल लेमेन्सला ही गोष्ट लग्नाच्या वेळीच कुणीतरी सांगून ठेवायला हवी होती. अर्थात सांगितली असती तरी शेवटचा क्वार्टर चालू असताना ती त्याच्या डोक्यात शिरली नसती.

ऑक्टोबरातला रविवार होता. गावचा अमेरिकन फुटबॉलचा संघ परगावी खेळत होता, आणि अख्खं ग्रीन बे हिरवे-पिवळे कपडे घालून आपापल्या टीव्हीसमोर बसलं होतं. सासरेबुवांच्या, म्हणजे एल्मर जॅडिन यांच्या घरात टीव्ही मुका आणि रेडिओ बोलका अशी पद्धत. टीव्हीवरच्या लोकांना बोलायचं वळण नाही, रेडिओवरचा माणूस काय ते नीट सांगतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्या गड्याने कडेच्या रेषेवर चेंडू झेलला. दोन्ही पाय आत होते. हे वेंडेलला दिसलं, त्याची बायको मार्लिस हिला दिसलं, सोफ्यावर आडवा पसरलेला सासरेबुवांचा पुतण्या ड्वाइट, त्यालाही दिसलं. फक्त तिथे दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या रेफरीला दिसलं नाही. त्याने हात हलवून सांगून टाकलं, झेल नाही.

"टाक! अरे टाक ना ते फडकं!" वेंडेल उठून ओरडला.

रेफरीचा निर्णय पटला नाही की कोचने खिशातलं लाल फडकं मैदानात टाकायचं, आणि मग रेफरी मंडळींनी तो प्रसंग पडद्यावर पुन्हा बघायचा, एवढं त्या गावातल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण कोच फडकं काही टाकीना. कमरेवर हात ठेवून तो नुसता उभा राहिला, आणि पुढचा डाव सुरू झाला. एकदा पुढचा डाव सुरू झाला की मागचं सगळं माफ. सासरेबुवांनी हात लांब करून रेडिओही बंद केला. घर एकदम चिडीचूप झालं.

"का नाही टाकलं त्याने?" त्यांनी विचारलं.

"छाती लागते त्याला," वेंडेल म्हणाला. विम्याच्या कचेरीत टेबलामागे बसणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या छातीबद्दल फार खात्री असते.

"छाती नाही, टाइमआउट लागतो. त्याच्याकडे उरलाय?"

वेंडेलने पडद्याकडे बघितलं. खेळ मध्येच थांबवायची ती मोजकी सवलत कोचकडे उरली नव्हती.

"मघाशी एका फालतू झेलावर फडकं टाकून बसला. हरला. हरलं की टाइमआउट जातो, तो त्याचा शेवटचा होता. आता टाइमआउट नसताना टाकलं असतं तर वर पंधरा यार्डांचा दंड. तू म्हणतोस टाक!"

"बरोबर आहे काका," ड्वाइट तोंडातलं चीज गिळून म्हणाला. मघाशी 'टाक, टाक' म्हणून सगळ्यांत मोठ्याने तोच बोंबलला होता. पण तो सगळ्यांबरोबर बोंबलतो आणि सगळ्यांच्या आधी गप्प होतो. अशा माणसांचं जगात कधी काही बिघडत नाही.

मग सासरेबुवांनी जाहीर केलं. आपले गुडघे गेले. स्टेडियमच्या पायऱ्या आता होत नाहीत. या मोसमानंतर आपल्या दोन जागा कुणाच्यातरी हवाली करायच्या. "त्या रांगेत आजवर मूर्ख माणूस बसलेला नाही. एका रविवारी ड्वाइटने माझ्याबरोबर यावं, एका रविवारी वेंडेलने. मग बघतो."

आता ज्याला त्या गावाची रीत ठाऊक नाही त्याला वाटेल, दोन जागांचं एवढं काय? ग्रीन बेमध्ये मूल जन्मलं की आधी त्याचं नाव सीझन तिकिटाच्या प्रतीक्षायादीत घालतात आणि मग सवडीने बाप्तिस्मा करतात. यादीत नाव असलेली माणसं म्हातारी होतात, नातवंडांना यादीतला आपला नंबर सांगतात आणि देवाघरी जातात. पण वेंडेलला नुसती जागा नको होती. त्या दोन जागांपैकी एकीवर त्याची सासू व्हर्ना बसायची. ती गेल्यापासून सासरेबुवा तिथे कधी शेजाऱ्याला घेऊन जात, कधी न्हाव्याला. एकदा तर बंद पडलेला बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही घेऊन गेले. वेंडेलला एकदाही बोलावलं नव्हतं. या माणसाला हाक काय मारायची हेच वेंडेलला इतक्या वर्षांत ठरवता आलं नव्हतं. 'डॅड' म्हणायला जीभ रेटेना, 'एल्मर' म्हणायचा धीर होईना. तो आपला घसा खाकरून बोलायला सुरुवात करी. आणि सासरेबुवा त्याचा उल्लेख 'आमच्या मार्लिसचा विमावाला' असा करीत. हे त्याला लागायचं. त्या जागेवर एकदा तरी त्यांनी आपल्याला आपणहून बसवावं, एवढंच त्याला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून वेंडेलने फडक्याचा अभ्यास आरंभला.

अभ्यासाचा पहिला नियम असा की शेजाऱ्यांना विचारू नये. वेंडेलने विचारलं. पलीकडच्या घरातला रॉली कोस्तिच्का कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, आणि एके काळी शाळेच्या मॅचेसना रेफरी म्हणून उभा राहिलेला. त्याचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट अजून इस्त्री करून कपाटात होता. तो म्हणाला, "कोचला दोन चॅलेंज, म्हणजे दोनदा फडकं. दोन्ही जिंकला तर तिसरं बक्षीस. यात बदल म्हणून नाही, दगडावरची रेघ." पोस्टातल्या बाई म्हणाल्या, सुरुवातीपासूनच तीन असतात. चर्चचे डीकन म्हणाले, कितीही असोत, माणसाने निर्णय मान्य करायला शिकावं. वेंडेलच्या कचेरीतला कारकून म्हणाला, टचडाउनवर, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण घेतले त्यावरसुद्धा टाकता येतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या डोळ्यांनी त्याने बरंच काही पाहिलेलं असतं.

मग वेंडेल लायब्ररीत गेला. तिथे नियमांचं पुस्तक होतं, पण मागच्या वर्षीचं. त्यात रॉलीचंच म्हणणं छापलेलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "थांबा हं, यंदाचंही आलंय." मग संगणकात बघून म्हणाल्या, "पण ते बाहेर गेलंय." कुणाकडे, हे सांगायची त्यांना परवानगी नव्हती. पण त्यांनी इतक्या सहानुभूतीने वेंडेलकडे बघितलं की ते ड्वाइटकडे गेलंय हे वेंडेलला न सांगताच कळलं.

शेवटी त्याने यंदाचे नियम कचेरीतल्या संगणकावर शोधून काढले आणि दुपारचं सँडविच खाता खाता वाचायला घेतले. वाचता वाचता त्याला घरच्यासारखं वाटू लागलं. पोटकलमं, अपवाद, अपवादाचे अपवाद! गारपिटीने फुटलेल्या छपराचे पैसे का मिळणार नाहीत, हे गिऱ्हाइकांना कळवण्यात त्याची हयात गेली होती. ही भाषा त्याची मातृभाषाच होती. रॉलीच्या दगडावरची रेघ पुसली गेली होती. यंदापासून दोनांतलं एक चॅलेंज जिंकलं तरी तिसरं मिळतं. टचडाउनवर किंवा चेंडू हातचा गेला त्या डावावर कोचने फडकं टाकायचंच नाही, कारण ते स्टेडियमच्या वरच्या खोलीत पडद्यांसमोर बसलेले पंच आपणहून तपासतात. दोन्ही अर्ध्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतही कोचचा हात बांधलेला. तेव्हाही वरची खोलीच काय ते ठरवणार. आणि रेफरीने ढकलाढकलीबद्दल शिक्षा दिली तर त्यावर बहुतेक वेळा चॅलेंजच नाही. ती त्याची मर्जी.

वेंडेलला हे सगळं इतकं आवडलं की जेवताना त्याने मार्लिसला सांगायला घेतलं. मार्लिस दातांच्या दवाखान्यात कामाला. लोकांच्या तोंडात हात घालून त्यांच्याशी गोडीत बोलायचं हा तिचा व्यवसाय.

"पाठ करून काय उपयोग?" ती म्हणाली. "पोहणं कुणी पुस्तकातून शिकतं का? घरात करून बघ."

"घरात म्हणजे?"

"आपण भांडतोच ना. नियमाने भांडू."

बायको चेष्टा करते आहे की काय, हे नवऱ्याला त्या वेळी कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तिने त्याच संध्याकाळी जुन्या टेबलक्लॉथमधून लाल फडकी कापली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यात वाल भरून शिवली आणि एकेक खिशात वाटली. शनिवार-रविवारी दोघांना दोन-दोन चॅलेंज. चॅलेंज हरलं की एक टाइमआउट गेला. टाइमआउट म्हणजे, 'मी आता आरामखुर्चीत आहे, मला कुणी उठवायचं नाही' असं म्हणायचा हक्क. तो नसला की उठायचं आणि समोरचा सांगेल ते काम करायचं.

आणि रेफरी? पलीकडे रॉली होताच. त्याच्या कचऱ्याच्या डब्यांवर रात्री रॅकून, म्हणजे तिकडची मांजराएवढी चोरटी जनावरं, धाड घालत, म्हणून त्याने घराला चारी बाजूंनी कॅमेरे लावले होते, आणि त्यांतले दोन सरळ लेमेन्सच्या गराजकडे बघत. त्याला विचारायचा अवकाश, तो पट्ट्यांचा शर्ट घालून दारात हजर. पोटावरची बटणं तेवढी लागत नव्हती.

पहिल्याच शनिवारी प्रसंग आला. चर्चच्या जेवणासाठी मार्लिसने सुक्या आलुबुखाराचे, वर चीज लावलेले गोड टार्ट करून गराजमध्ये थंड व्हायला ठेवले होते. सकाळी बघते तर दार सताड उघडं आणि फरशीवर नुसत्या ताटल्या. रॅकूनने वरचा चीजचा थर आधी खाल्ला होता आणि मग सावकाश बाकीचं.

"दार वेंडेलने उघडं टाकलं," मार्लिसने निर्णय दिला.

वेंडेलने फडकं टाकलं. ते टाकतानाचा आनंद काही और होता. लग्नाच्या एवढ्या वर्षांत बायकोच्या बोलण्यावर त्याने पहिल्यांदा काहीतरी जमिनीवर आपटलं होतं आणि ते पूर्ण नियमात होतं.

रॉलीने टॅब्लेट घेतला, पडदा नीट दिसावा म्हणून डोक्यावर घोंगडी ओढली आणि बराच वेळ आत राहिला. एकदा घोंगडीतून हात बाहेर आला, त्यात मार्लिसने कॉफी दिली. मग तो बाहेर आला, कमरेवरच्या नसलेल्या माइकचं बटण दाबलं आणि रिकाम्या गराजला उद्देशून म्हणाला, "तपासणीअंती, निर्णय कायम."

"म्हणजे मीच उघडं ठेवलं हे दिसलं?"

"ते दिसलं असतं तर मी 'पक्का' म्हटलं असतं. उघडताना कुणीच दिसत नाही, खांब आड येतो. तू ठेवलं नाहीस, हे लख्ख दिसायला पाहिजे ना! ते दिसत नाही. म्हणून आधीचा निर्णय कायम."

"पण मग मी ठेवलं असंही नाही ना!"

"तसंही नाही."

"मग मी दोषी कसा?"

"तू दोषी नाहीस रे. तू फक्त हरलास."

वेंडेल फरशी पुसायला बादली घेऊन आला. 'आपल्या छपराची हानी गारपिटीने झाली नाही असे आम्ही म्हणत नाही. मात्र ती गारपिटीने झाली असे स्पष्ट दिसून येत नाही.' अशी पत्रं त्याने आजवर किती धाडली असतील! ती पावल्यावर लोकांना कसं वाटत असेल, हे त्याला गराज पुसताना समजलं.

पुढे काय काय झालं ते सगळं सांगत बसलो तर मोसम संपेल. 'तू घोरतोस' यावर त्याने फडकं टाकलं, तर रॉली म्हणाला, घोरणं ही रेफरीची मर्जी, यावर चॅलेंज नाही. आणि टाकायला नको होतं तिथे टाकलंस म्हणून एक टाइमआउट दे. चर्चला निघायच्या ऐन घाईत त्याने गाडीच्या किल्ल्यांवरून टाकलं, तर मार्लिस म्हणाली, शेवटची दोन मिनिटं चालू आहेत, आता वरची खोली बघेल, आणि वरची खोली मी आहे. आठवडाभरात वेंडेलची आरामखुर्ची त्याला परकी झाली. पण नियम मात्र असे अंगात मुरले की झोपेतून उठवून विचारावं. खिशातलं फडकं तर कचेरीतही त्याच्याबरोबर जाऊ लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण खिसा जड असला की माणसाला उगीचच बळ येतं.

मग आलं चर्चचं बूया.

बूया म्हणजे कोंबडी, गोमांस, बटाटे, गाजरं, कोबी आणि पंचक्रोशीतली सगळी मतं एका मोठ्या कढईत घालून पहाटेपासून शिजवलेला रस्सा. उघड्यावर चूल, ढवळायला होडीचं वल्हं. यंदा ढवळायची पाळी वेंडेलची. वाडग्यांची रांग लागली होती, रांगेत सासरेबुवा होते आणि त्यांच्या दंडाला धरून ड्वाइट होता.

"काका, जरा जपून हं," ड्वाइट सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला. "याने मीठ दोनदा घातलंय. मी बघत होतो."

माणूस किती सहन करणार? लायब्ररीतलं पुस्तक सहन केलं, पण मीठ! वेंडेलच्या डाव्या हातात वल्हं होतं. उजवा हात खिशात गेला आणि फडकं हवेत उडालं. वाल असोत नाहीतर काही असो, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यापुढे कुणाचं चालत नाही. फडकं वर गेलं, क्षणभर तिथे रेंगाळलं आणि सरळ कढईच्या मधोमध उतरलं.

सगळे बघत राहिले. मार्लिसचा टेबलक्लॉथ स्वस्तातला होता हे मग कळलं. आधी फडक्याभोवती एक लाल कडं दिसलं, मग ते पसरलं, आणि वेंडेल घाबरून जोरजोरात ढवळू लागल्यामुळे बघता बघता सगळं बूया गुलाबी झालं.

"त्याच्या कोपऱ्यात वजन कसलं घातलंय?" स्वयंपाक समितीच्या प्रमुख जिनिव्हा मासार्ट यांनी विचारलं. त्यांनी वयाची ऐंशी कधीच ओलांडली होती, आणि त्यांच्या कारकिर्दीत बूयाला कधी रंग आला नव्हता.

"वाल आहेत, वाल!" वेंडेल म्हणाला. पण तोवर रांगेच्या शेवटापर्यंत 'मासे धरायच्या गळाचं शिसं पडलंय' अशी बातमी पोचली होती. डीकन म्हणाले, आरोग्य खात्याला विचारल्याशिवाय एक वाडगा हलता कामा नये. वेंडेलनेच फोन लावला. रविवार, कचेरी बंद. टेप म्हणाली, हॉटेलबद्दल तक्रार असल्यास एक दाबा, विहिरीच्या पाण्यासाठी दोन, पिसाळलेल्या जनावरासाठी तीन. फडक्यासाठी काही नव्हतं. त्याने विहीर दाबली. तिथल्या टेपने सांगितलं, पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून सोमवारी आणावा.

रॉलीने वल्ह्याने फडकं बाहेर काढलं, सगळ्यांसमोर कात्रीने शिवण उसवली आणि आतले वाल तळहातावर घेतले. छान शिजले होते. तरीही कुणी पुढे होईना. रंग म्हणजे रंग. तेव्हा सासरेबुवांनी आपला वाडगा पुढे केला. वेंडेलने वाढलं. त्यांनी एक घास खाल्ला, सावकाश गिळला. सगळी रांग त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"मीठ दोनदा पडलंय," ते म्हणाले.

"निर्णय पक्का," रॉली म्हणाला, आणि रांग हसत हसत पुढे सरकली.

त्याच्या पुढच्या रविवारी घरची मॅच होती. ड्वाइट सासरेबुवांबरोबर गेला आणि घसा बसवून घेऊन परत आला. "काकांना काय मजा आली सांगू!" तो खरखरत्या आवाजात सगळ्यांना फोन करून सांगत होता. वेंडेल त्या दिवशी गराजमध्ये जाऊन उगीच खिळे निवडत बसला. त्याच्या मनाने घेतलं होतं, संपलं. गुलाबी बूयावाल्याला कोण शेजारी बसवून घेणार? आपल्या पाळीच्या रविवारी तो मार्लिसला म्हणाला, "मी नाही जात. त्यांना सांग सर्दी झालीय."

"त्यांनी सकाळपासून तीनदा विचारलंय, वेंडेल निघाला का म्हणून," मार्लिस म्हणाली. "जा तू. आणि ऐक, नियम सांगत बसू नकोस. विचारतील तेवढंच सांग."

सासरेबुवा स्वतः गाडी घेऊन न्यायला आले. कोपऱ्यावरच्या पत्रपेटीला आरसा घासला, पण त्याबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. स्टेडियमच्या पायऱ्या ते वेंडेलचं कोपर धरून चढले. गुडघे गेलेला माणूस ज्या बेताने चढेल त्याच्यापेक्षा बरेच झपाझप चढले. फक्त प्रत्येक पायरीची कड बुटाने चाचपून बघत होते. बर्फासारख्या थंड ॲल्युमिनियमच्या बाकावर त्यांनी आपली चौकोनी गादी ठेवली, आणि शेजारच्या जागेवर हात फिरवून म्हणाले, "ही व्हर्नाची. बस."

वेंडेल बसला. त्याला एकदम रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून त्याने हातातल्या ब्रॅटवर्स्ट सॉसेजचा मोठा घास घेतला.

सासरेबुवांनी कानात रेडिओची बोंडं घातली आणि मॅच सुरू झाली. वेंडेलने बायकोचा सल्ला पाळला. मागच्या रांगेतला एकजण टचडाउनवर 'फडकं टाक' म्हणून ओरडला तेव्हा त्याच्या जिभेच्या टोकाशी सगळं पोटकलम आलं होतं, ते त्याने गिळलं. तसल्या हाका चहूबाजूंनी येत होत्या. ज्या रांगेत आजवर मूर्ख बसला नव्हता, ती रांग बिनदिक्कत चुकत होती. वेंडेलला फार कुतूहल वाटलं. इतकी वर्षं सासरेबुवांनी हे ऐकून कसं घेतलं असेल?

शेवटची दोन मिनिटं चालू झाली. गावचा संघ एका गुणाने मागे. चेंडू उंच आला, आपला गडी झेपावून पालथा पडला, आणि रेफरीने हात करून सांगितलं, झेल. सगळं स्टेडियम उठलं. समोरच्याच रांगेत चीजच्या त्रिकोणी तुकड्यासारखी भली मोठी पिवळी टोपी घातलेला एक धिप्पाड माणूस होता, तोही उठला. मग जाहीर झालं की वरची खोली तपासते आहे, आणि सगळे गप्प झाले.

सासरेबुवांनी कानातली बोंडं काढली. "रेडिओवाला म्हणतो झेल. तू सांग. झेल होता?"

होता म्हणावं. हो म्हणायला काय जातंय? सगळं गाव हो म्हणत होतं. वेंडेलने तोंड उघडलं.

"मला दिसलं नाही," तो म्हणाला.

"मोठ्या पडद्यावर दाखवतायत ना?"

"दाखवतायत. पण त्याचीच पाठ आड येतेय. चेंडू जमिनीला लागला की नाही, कळत नाही. लागला असेलही, नसेलही."

सासरेबुवांनी चष्मा काढला आणि मफलरने पुसला, पण डोळ्यांवर परत चढवला नाही.

"ड्वाइटने त्या दिवशी सगळे झेल आपलेच सांगितले," ते म्हणाले. "सगळेच्या सगळे. मग माइकवर रेफरी बोलला की मला कळायचं, तसं नव्हतं. गुडघे ठणठणीत आहेत माझे, वेंडेल. डोळ्यांचा मधला भाग चाललाय. कडेकडेचं दिसतं. जिकडे बघावं ते दिसत नाही. परत यायचा नाही म्हणतो डॉक्टर."

वेंडेलच्या डोक्यात भलतंच काहीतरी शिरलं.

"एल्मर! आज गाडी तुम्ही चालवलीत!"

"रस्ता पाठ आहे."

"पत्रपेटी पाठ नव्हती!"

"ती नवीन बसवलीय. हे बघ, मार्लिसला कळलं तर ती आजच किल्ल्या काढून घेईल."

"किल्ल्या इकडे द्या," वेंडेल म्हणाला. असा आवाज त्याने आजवर छपरं फुटलेल्या लोकांशीसुद्धा काढला नव्हता. सासरेबुवांनी कोटाच्या खिशातून किल्ल्या काढल्या आणि मुकाट्याने त्याच्या हातावर ठेवल्या.

माइकवर रेफरीचा आवाज आला. निर्णय कायम. बाकं दणाणली, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, मागच्या माणसाची बिअर वेंडेलच्या मानेवरून खाली उतरली.

"पक्का नाही म्हणाला ना?" सासरेबुवांनी त्याच्या कानाशी येऊन विचारलं.

"नाही. कायम."

"म्हणजे त्यांनाही दिसलं नाही." ते समाधानाने हसले. "तुझ्यासारखंच. जागा मी मार्लिसच्या नावावर करणार आहे. विमावाल्यांवर माझा विश्वास नाही. पण मी येतोय तोवर तू इथे बसायचंस. दिसलं ते सांगायचं, आणि नाही दिसलं तर नाही म्हणायचं. व्हर्ना तसंच करायची शेवटी शेवटी. तिने कुणाला सांगितलं नाही."

वेंडेल नुसता मान हलवत राहिला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की हे त्यांना दिसत नाहीये. "हो," तो मोठ्याने म्हणाला. "हो, बसेन."

मैदानात किक मारणारा आला. गोल झाला तर मॅच आपली, चुकला तर गेली. सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि समोरची चीजची टोपी पुन्हा वर आली.

"काय चाललंय?" सासरेबुवांनी वेंडेलची बाही ओढली. "किक झाली?"

"दिसत नाहीये. समोर तो टोपीवाला उभा आहे."

"मग त्याला सांग की बसायला!"

वेंडेल लेमेन्सने जन्मात कुणा अनोळखी माणसाला मोठ्याने हाक मारली नव्हती. हॉटेलात थंड सूप आलं तरी तो थँक्यू म्हणून पीत असे. तो बाकावर चढला, किल्ल्या धरलेला हात वर केला आणि आजूबाजूच्या तीन रांगा वळून बघतील असा ओरडला, "ओ टोपीवाले! खाली बसा! आम्हाला दिसत नाहीये!"

तो धिप्पाड माणूस दचकून बसला.

"हां," एल्मर जॅडिन म्हणाले. "आता सांग."